सॅटेलाइट कॉलर : जनावराच्या गळ्यात पट्टा बांधून नेमकं काय कळतं?

रानवाट (धागाकर्ता)

कॉलर लावलेला अमुक प्राणी इतके किलोमीटर चालला अशी बातमी आली की खाली दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया दिसतात, एक 'भारीच' आणि दुसरी 'बिचाऱ्याला कशाला छळता'. दोन्ही मनापासूनच असतात पण मधलं सगळं राहून जातं. ती कॉलर चालते कशी, तिच्यातून काय कळतं, काय कळत नाही, जनावराला त्रास किती होतो, यावर नीट बोलता यावं म्हणून हा धागा. माहीतगारांनी भर घाला, बाकीच्यांनी बिनधास्त विचारा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉलर लावणं मला पटतं, पण प्रश्न आधी ठरलेला असेल तरच. "लावून बघू, काहीतरी कळेलच" यासाठी एखाद्या जनावराला बेशुद्ध करणं मला पटत नाही.

प्रश्न ठरलेला असेल तर काय होतं त्याचं माझं आवडतं उदाहरण हिमबिबट्याचं. मंगोलियातल्या तोस्त पर्वतरांगेत २००८ पासून हिमबिबट्यांना जीपीएस कॉलर लावायला सुरुवात झाली. त्याआधीचे अभ्यास साध्या रेडिओ कॉलरवर झालेले, म्हणजे माणसाने हातात अँटेना धरून डोंगर चढायचा आणि सिग्नल कुठून येतोय ते शोधायचं. आता त्या असल्या कड्याकपारीत प्राणी पलीकडच्या दरीत उतरला की सिग्नल गायब, त्यामुळे जेवढा भाग माणसाला गाठता आला तेवढीच प्राण्याची हद्द असं गणित होऊन बसलं होतं. जीपीएसच्या नोंदी आल्यावर कळलं की आधीचे आकडे कितीतरी पटींनी कमी होते. १६ हिमबिबट्यांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये जो पेपर आला त्यात नराची होम रेंज (म्हणजे तो नेहमी वावरतो तेवढा प्रदेश) सरासरी सुमारे २०७ चौरस किलोमीटर आणि मादीची सुमारे १२४ निघाली. खरा धक्का पुढे होता. हिमबिबट्याच्या सगळ्या प्रदेशातल्या संरक्षित क्षेत्रांपैकी ४० टक्के क्षेत्रं एका प्रौढ नराच्या होम रेंजपेक्षाही लहान आहेत! म्हणजे नुसती अभयारण्यं राखून हा प्राणी टिकणार नाही, बाहेर जे गुराखी राहतात त्यांच्याबरोबर जमवून घेतल्याशिवाय पर्याय नाही, हे तेव्हा आकड्यात दिसलं.

---

कुतूहल

मस्त विषय, वाचतोय. एक अगदी बेसिक प्रश्न. सॅटेलाइट वरून प्राण्याला 'बघतं' का? कारण बातमीत "उपग्रहाद्वारे नजर" असं लिहितात आणि मला नेहमी वाटतं की वर कॅमेरा आहे.

---

अवकाशवेडा

कुतूहल, नाही हो, कॅमेरा बिमेरा काही नसतो. थोडं लांबण लावतो पण इतिहासातून गेलं की पटकन समजेल.

१९७० मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधे मोनिक नावाच्या एका एल्क (हरणांतली एक मोठी जात) मादीला पहिली सॅटेलाइट कॉलर लावली गेली, निंबस ३ हा हवामानाचा उपग्रह वापरून. क्रेगहेड बंधू त्यात होते, त्यांनीच १९६० च्या दशकात यलोस्टोनमधे ग्रिझली अस्वलांना रेडिओ कॉलर लावून काम केलेलं. मोनिकच्या गळ्यातलं ते धूड १० किलोच्या वर होतं. एल्क मोठं जनावर आहे म्हणून पेललं, लहान जनावराच्या गळ्यात ते घालणं शक्यच नव्हतं.

मग १९७८ मध्ये आर्गोस सुरू झालं, फ्रान्स आणि अमेरिका मिळून. यात कॉलर फक्त ठरावीक फ्रिक्वेन्सीवर हाक मारते. उपग्रह जवळ येत असताना ती फ्रिक्वेन्सी किंचित वाढलेली ऐकू येते, लांब जाताना उतरलेली, आपल्याला गाडीचा हॉर्न जवळ येताना आणि पुढे गेल्यावर वेगळा वाटतो तसंच. त्या फरकावरून जागा काढतात. यात चांगल्यात चांगली नोंद अडीचशे मीटरच्या आत बसते, वाईट नोंद कित्येक किलोमीटर चुकू शकते. समुद्रावर किंवा बर्फावर शेकडो किलोमीटर फिरणाऱ्या प्राण्याला हे चालतं, पण हरीण नदीच्या या काठावर आहे की त्या हे यातून कळणार नाही.

जीपीएसमधे उलटं. उपग्रह सिग्नल पाठवतात आणि गळ्यातलं यंत्र ते ऐकून स्वतःची जागा स्वतः काढतं. उपग्रहाला त्या प्राण्याचा पत्ताच नसतो. १९९० च्या दशकात जीपीएस कॉलर आल्या पण तेव्हा अमेरिकन लष्कर नागरी सिग्नलमधे मुद्दाम चूक घालायचं, सुमारे १०० मीटरपर्यंत. मे २००० मधे ते बंद केलं आणि एका रात्रीत सगळ्यांच्या नोंदी सुधारल्या.

आता यंत्राने जागा काढली, पण ती तुमच्यापर्यंत यायला हवी ना? तिथे दुसरे उपग्रह लागतात. बहुतेक कॉलर इरिडियम नाहीतर ग्लोबलस्टारवरून एक छोटा मेसेज टाकतात. इरिडियमचे ६६ उपग्रह पृथ्वीभर फिरतायत त्यामुळे ध्रुवावरूनही मेसेज जातो. मोबाइलची रेंज असेल तिथे सिमकार्डवाल्या कॉलरही चालतात, स्वस्त पडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं बॅटरी. जागा काढायला वीज लागते, ती पाठवायला आणखी लागते. दर १५ मिनिटांनी नोंद हवी असेल तर काही महिन्यांत बॅटरी संपते, दिवसाला दोनच नोंदी घेतल्या तर तीच कॉलर कितीतरी जास्त टिकते. त्यामुळे रानवाट म्हणतात तो प्रश्न आधी ठरवायचा मुद्दा नुसता नीतीचा नाही, कॉलर ऑर्डर करतानाच तो ठरवावा लागतो. शिकार कशी करतो हे बघायचं असेल तर दाट नोंदी, वर्षभर कुठे कुठे जातो हे बघायचं असेल तर विरळ. दोन्ही एकदम हवं म्हटलं की बॅटरी मोठी आणि वजन वाढलं.

---

मुक्ता

अवकाशवेडा, छान समजावलंत. पण वजन वाढलं हे एवढं सहज लिहून पुढे गेलात तिथेच मी अडकले.

मी दुसऱ्या गटातली आहे, बिचाऱ्याला का छळता म्हणणाऱ्यांतली. बंदूक मारून बेशुद्ध करायचं, गळ्यात पट्टा आवळायचा, आणि तो पट्टा त्याला वर्षानुवर्षं काढता येत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात कुनोमधल्या चित्त्यांच्या मानेला कॉलरखाली ओल धरून जखमा झाल्या, त्यात अळ्या पडल्या, काही दगावले आणि मग बाकीच्यांच्या कॉलर तपासायला काढाव्या लागल्या हे सगळ्यांनी वाचलंय. अभ्यासातून कळलं वगैरे ठीक आहे, पण ज्याच्यावर हे गुदरलं त्या जनावराला त्या अभ्यासाचा काय उपयोग? कुणी सरळ उत्तर देणार असेल तर मला खरंच ऐकायचंय.

---

वनवैद्य

मुक्ताताई, सरळ उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मी जनावरांचा डॉक्टर, अशा कामात बेशुद्धीची बाजू सांभाळलेली आहे.

त्या एका जनावराला काही उपयोग नाही. हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. म्हणून धोका जितका कमी करता येईल तितका करणं हे आमचं बंधन आहे, आणि तो शून्य होत नाही.

प्रत्यक्ष काय करतो ते सांगतो. डार्ट, म्हणजे गुंगीच्या औषधाची सुई, लागल्यावर जनावर काही मिनिटं चालत राहतं, तेव्हा त्याच्यामागे धावायचं नसतं, लांबून नजर ठेवायची. पाणी किंवा कडा जवळ असेल तर डार्टच मारायचा नाही. आडवं झालं की आधी श्वास बघायचा, मग डोळ्यात मलम, कारण गुंगीत डोळे उघडे राहतात आणि कोरडे पडतात, मग डोळ्यांवर पट्टी. रवंथ करणारं जनावर कुशीवर पडू द्यायचं नाही, छातीवर बसतं ठेवायचं, नाहीतर पोट फुगतं आणि पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं. तापमान दर थोड्या वेळाने बघायचं. हरणांच्या जातीत पळवून पकडलं तर स्नायूंची इतकी नासाडी होते की जनावर सोडल्यावर काही दिवसांनीही मरू शकतं, त्यामुळे पाठलाग लांबला की सोडून द्यायचं आणि परत यायचं, मग कितीही लांबून आलेले असा. काम झालं की उताऱ्याचं इंजेक्शन. मेडेटोमिडीन वापरलं असेल तर अटिपामेझोल देतो, थोड्याच वेळात डोकं वर काढतं.

कॉलरचं माप हा तर हातांनी शिकायचा भाग आहे. सैल ठेवली तर पुढचा पाय किंवा खालचा जबडा अडकतो, घट्ट ठेवली तर काचते, कातडी सोलते. मांसाहारी प्राण्यात आपण मानेची केसं बाजूला सारून बोटं आत सरकतायत का बघतो आणि मग डोक्यावरून ओढून बघतो, निघता कामा नये. आणि ऋतू डोक्यात ठेवायचा. हरणांच्या नरांची मान माजाच्या दिवसांत फुगते, उन्हाळ्यात बरोबर बसलेली कॉलर तेव्हा गळफास होईल, म्हणून नरांना वेगळी, आत स्पंज असलेली किंवा ताणणारी कॉलर लावतात नाहीतर लावतच नाहीत. वाढत्या वयाच्या पिल्लांचंही तेच.

कुनोबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि त्यातून घ्यायचा धडा मोठा आहे. आफ्रिकेतल्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं वापरलेली गोष्ट पावसाळी हवेत तशीच चालेल असं धरून चालत नाही, त्यात त्या चित्त्यांच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव आलेली, ती ओली राहिली की माशांना आमंत्रणच.

---

नदीकाठ

वनवैद्य, असं कुणी आतलं सांगत नाही. खूप आभार.

वजनाचा काही नियम असतो का? कुठेतरी ५ टक्के वाचलेलं.

---

वनवैद्य

असतो, पण त्यावर मी फार विसंबत नाही. जमिनीवरच्या प्राण्याला शरीराच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत हा जुना अंदाज, आता बहुतेक जण ३ किंवा त्याहून कमी धरतात. पण बोट्स्वानातल्या झेब्रा माद्यांवरचा २००८ चा एक अभ्यास वाचा. त्यांना दोन प्रकारच्या कॉलर होत्या, एक शरीराच्या वजनाच्या ०.४ टक्के आणि दुसरी ०.६ टक्के. दोन्ही नियमाच्या कितीतरी आत. तरी जड कॉलरवाल्या माद्यांचा चरताना पुढे सरकायचा वेग निम्म्याहून जास्त घटला! जड कॉलर मानेवर बसतही नीट नव्हती, म्हणजे वजन आणि फिटिंग दोन्हींचा परिणाम. कॅनडात उत्तर क्वेबेकमधल्या कॅरिबूंमध्येही (तिकडचे रेनडिअर) जड कॉलरवाल्या माद्या हलक्या कॉलरवाल्यांपेक्षा कमी जगल्या असं दिसलंय.

धावणाऱ्या प्राण्याचं तर आणखी वेगळं. उभं असताना कॉलरचं वजन जेवढं वाटतं त्याच्या कितीतरी पट झटका भरधाव पळताना मानेला बसतो. चित्त्याचा आणि आळशी जनावराचा नियम एक कसा असेल?

---

नदीकाठ

आणि ज्यांना मानच नाही त्यांचं काय? म्हणजे सील वगैरे.

---

वनवैद्य

सीलला कॉलर लावतच नाहीत. डोक्यावर किंवा पाठीवर केसांना यंत्र चिकटवतात, वर्षातून एकदा केस गळतात तेव्हा ते आपोआप पडतं. सोय निसर्गानेच केलेली आहे. दक्षिण महासागरातल्या एलिफंट सीलच्या डोक्यावरची यंत्रं पाण्याचं तापमान आणि खारटपणाही मोजतात, बर्फाखालच्या समुद्राची माहिती जिथे जहाज पोचत नाही तिथून येते.

पांढऱ्या अस्वलात तर नरांची मान डोक्याएवढी किंवा जाड असते, कॉलर सरळ निघून येते. म्हणून कॉलरमधून जे काही कळलंय ते जवळपास सगळं प्रौढ माद्यांचं. पिल्लं वाढती म्हणून त्यांनाही नाही. पांढरी अस्वलं अमुक करतात असं वाचलं की मी मनात माद्या असं वाचतो.

---

बिंदू

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो माझ्या कामाशी येऊन भिडतो, मी या नोंदींचं विश्लेषण करते, संख्याशास्त्राच्या बाजूने आले. चार गोष्टी लिहिते, जरा विस्कळीत होईल.

कॉलर जे देते ते म्हणजे एक तक्ता. वेळ, अक्षांश, रेखांश, कधी तापमान, कधी हालचालीचा आकडा. बस. यात भूक नाही, भीती नाही, सोबत कोण होतं ते नाही. नकाशावर ठिपके जोडून रेघ काढली की लगेच गोष्ट दिसायला लागते, प्राणी 'शोधत' होता, 'घाबरून' वळला. हे आपण घातलेलं असतं.

पण ठिपक्यांपाशी चालत गेलात तर मात्र खूप काही मिळतं. मांसाहारी प्राण्याच्या नोंदी एका जागी दाट झाल्या, म्हणजे रात्री आला आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत तिथेच घुटमळला, तर बहुधा तिथे शिकार केलेली असते. प्राणी निघून गेल्यावर टीम त्या जागी जाते. वाळलेलं रक्त, ओढत नेल्याची खूण, झुडपाखाली जबडा, कातडीचा तुकडा, पोटातला चोथा बाजूला टाकलेला. जबड्यातल्या दातांवरून वय निघतं, लांब हाड फोडून मगज बघितला तर मारलेलं हरीण धष्टपुष्ट होतं की आधीच खंगलेलं ते कळतं. मांसाहारी प्राण्यांचं खाणं काय यावर जे खात्रीचं लिहिलं गेलंय त्यातलं पुष्कळ असं पायपीट करून आलेलं आहे. पण इथेही सांभाळायला लागतं, कारण ससा किंवा पिल्लू मारलं तर दहा मिनिटांत संपतं, तिथे ठिपके दाट होतच नाहीत. म्हणजे नुसत्या ठिपक्यांवर विसंबलं तर मोठीच शिकार करतो असं वाटणार.

दुसरं, न आलेल्या नोंदी. दाट झाडीत, अरुंद घळीत, गुहेत जीपीएसला उपग्रह दिसत नाहीत आणि ती नोंद येत नाही. मग नकाशावर प्राणी माळावर जास्त दिसतो आणि झाडीत कमी, आणि कुणीतरी लिहून मोकळं होतं की याला माळ आवडतो. हे टाळायला आधी तीच कॉलर वेगवेगळ्या झाडीत नुसती ठेवून किती नोंदी येतात ते तपासतात.

तिसरं, एका प्राण्याच्या दहा हजार नोंदी म्हणजे दहा हजार पुरावे होत नाहीत. तो एकच प्राणी आहे. कॉलर महाग, म्हणून चार प्राण्यांना लावायची आणि त्यावरून अख्ख्या जातीबद्दल बोलायचं, हे फार होतं. हिमबिबट्याचे १६ ऐकायला कमी वाटतात पण त्या प्राण्यासाठी ते प्रचंड आहेत.

---

रानवाट

बिंदू, चौथी राहिली बहुतेक 🙂 पण तिसरी पुरे आहे.

मुक्ताताईंच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण वनवैद्यांनी त्या एका जनावराला उपयोग नाही हे स्पष्ट सांगितलं, तर मग त्याच्या जातीला झाला का हे तरी बघायला पाहिजे.

बोट्स्वानात ओकावांगो आणि मकगादिकगादीच्या मधे गुरांच्या रोगासाठी १९६८ मध्ये कुंपण घातलं होतं. ते २००४ मध्ये काढलं. त्यानंतर काही वर्षांत झेब्र्यांना जीपीएस कॉलर लावल्या तेव्हा काही झेब्रे ओकावांगोतून निघून थेट मकगादिकगादीच्या गवताळ मिठागरांपर्यंत जाऊन परत येताना दिसले, जाऊन येऊन सुमारे ५८८ किलोमीटर. आता विचार करा, कुंपण छत्तीस वर्षं उभं होतं, जंगली झेब्रा एवढा जगत नाही. म्हणजे ती वाट माहीत असलेला एकही झेब्रा जिवंत नव्हता, तरी वाट मोकळी झाल्यावर ते गेले. कसे गेले यावर पुढे संशोधन झालं, पाऊस आणि गवताचा अंदाज घेत ते पुढे सरकतात असं दिसतं. मला मात्र यातली साधी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कुंपण काढलं तर स्थलांतर परत सुरू होऊ शकतं, हे आता कुठल्याही बैठकीत दाखवता येतं. कॉलर नसती तर एवढंच म्हणता आलं असतं की झेब्रे इथेही दिसतात आणि तिथेही दिसतात.

वायोमिंगचं म्यूल डिअरचं प्रकरणही असंच. हॉल सॉयर यांनी रेड डेझर्टमधल्या हरणांना कॉलर लावल्या, समज असा होता की ही हरणं तिथेच राहतात. निघालं असं की त्यातली बरीच उत्तरेला होबॅकपर्यंत जवळजवळ २४० किलोमीटर जातात. आणि वाटेत फ्रीमाँट तलावाच्या टोकाशी काहीशे मीटरची चिंचोळी पट्टी, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला गाव, हजारो हरणं तिथूनच निघतात. तिथे घरं झाली असती तर सगळी वाट बंद. नंतर ती जमीन विकत घेऊन वन्यजीवांसाठी राखली गेली. बघा, जमिनीचा तो एक तुकडा, पण तो नेमका कोणता हे हरणांच्या गळ्यातून कळलं.

---

मुक्ता

झेब्र्यांचं वाचून बरं वाटलं, खरंच. हरणांचंही. हे अशा पद्धतीने बातमीत का येत नाही, तिथे नुसते किलोमीटर असतात.

पण मग दुसरी काळजी. ती हरणं नेमकी कुठून जातात हे तुम्हाला कळलं तसं शिकाऱ्यालाही कळणार ना?

---

अवकाशवेडा

रास्त काळजी आहे आणि या क्षेत्रातले लोकही ती करतात. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरच्या नोंदी ज्या ईमेलवर यायच्या त्यात कुणीतरी भलत्याच ठिकाणाहून शिरायचा प्रयत्न केला होता, तो अडवला गेला. कॅनडातल्या बॅन्फ नॅशनल पार्कमधे फोटोग्राफर रेडिओ रिसीव्हर घेऊन कॉलरवाल्या प्राण्यांना गाठायला लागले म्हणून तिथे असे रिसीव्हर वापरायला बंदी घालावी लागली. साधी रेडिओ कॉलर यात जास्त कच्ची, तिची फ्रिक्वेन्सी कळली की कुणीही ऐकू शकतं, आणि सॅटेलाइट कॉलरमधेही शोधायच्या सोयीसाठी हा साधा रेडिओ बहुतेक वेळा बसवलेला असतो.

म्हणून नोंदी उशिरा प्रसिद्ध करणं, जागा मुद्दाम मोघम ठेवणं, मूव्हबँकसारख्या डेटाबेसमधे संवेदनशील प्राण्यांच्या नोंदी कुलूपबंद ठेवणं हे चालतं. माझं म्हणणं तर असं की आज प्राणी कुठे आहे हे बाहेर कुणालाच सांगू नये, अगदी बातमीदारांनासुद्धा.

आणि कॉलर असली म्हणजे प्राणी सुरक्षित हा एक गोड गैरसमज. झिंबाब्वेतल्या ह्वांगे नॅशनल पार्कमधला सेसिल सिंह ऑक्सफर्डच्या अभ्यासात होता, गळ्यात जीपीएस कॉलर होती, जुलै २०१५ मध्ये ती गळ्यात असतानाच त्याला मारलं.

---

कुतूहल

एवढं सगळं गंभीर चाललंय त्यात मला किलोमीटरवालीच एक गोष्ट सांगायची आहे, मुक्ताताई माफ करा. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरून एक तरुण आर्क्टिक कोल्ही मार्च २०१८ मध्ये निघाली आणि समुद्रावरच्या बर्फावरून ग्रीनलँड आणि तिथून कॅनडाचं एल्समियर बेट, ७६ दिवसांत ३,५०६ किलोमीटर. ग्रीनलँडच्या हिमचादरीवर एका दिवसात १५५ किलोमीटर! ज्यांनी कॉलर लावली त्यांचा आधी विश्वासच बसेना, कुणी बोटीने नेली की काय असं वाटलं, पण एवढ्या बर्फात बोट जाणार कुठून.

याचा काही उपयोग असतो का मग, की नुसतं आश्चर्यच?

---

बिंदू

उपयोग असतो कुतूहल, पण मर्यादित. एका कोल्हीवरून सगळ्या कोल्ह्यांबद्दल काही म्हणता येत नाही. पण असं होऊ शकतं एवढं तरी नक्की ठरतं, आणि कधी कधी तेवढंच हवं असतं. स्वालबार्ड आणि कॅनडातले कोल्हे समुद्राच्या बर्फाने जोडलेले आहेत हे त्यातून ठाम झालं, आणि तो बर्फ घटतोय. स्लोव्हेनियातल्या स्लाव्ह्त्स नावाच्या लांडग्याचंही तसंच, २०११ च्या डिसेंबरमध्ये निघाला, ऑस्ट्रियातून आल्प्स ओलांडून २०१२ च्या वसंतात इटलीत व्हेरोनाच्या वरच्या डोंगरात पोचला, तिथे त्याला एक मादी भेटली आणि तिथे शंभराहून जास्त वर्षांनी लांडग्यांचा कळप झाला.

पण खरी ताकद खूप जणांच्या नोंदी एकत्र केल्या की दिसते. २०१८ मध्ये ५७ जातींच्या ८०३ सस्तन प्राण्यांच्या नोंदी एकत्र करून बघितलं तर माणसाचा वावर जास्त तिथे प्राण्यांचं फिरणं निम्म्यावर ते एक तृतीयांशावर आलेलं दिसलं. कोविडच्या टाळेबंदीत तर आयताच प्रयोग झाला, कारण कॉलर आधीच गळ्यात होत्या. ४३ जाती, २,३०० हून जास्त प्राणी. कडक टाळेबंदीच्या भागात दहा दिवसांतली त्यांची लांबची मजल ७३ टक्क्यांनी वाढली आणि रस्त्यांच्या ते सरासरी ३६ टक्के जवळ आले. यातला एकही प्राणी या प्रश्नासाठी पकडलेला नव्हता. मुक्ता, म्हणून मला वाटतं की एकदा त्रास दिलाच आहे तर त्या नोंदी एका लॅपटॉपमधे पडून राहणं हा त्या जनावरावर दुसरा अन्याय आहे. अभ्यास संपला की, सुरक्षेची काळजी घेऊन, दुसऱ्यांना वापरायला दिल्याच पाहिजेत.

---

रानवाट

बिंदू, शेवटच्या वाक्याला हजारदा अनुमोदन.

माणसाच्या भीतीबद्दल निघालंय तर मॉर्गनचं सांगतो. केनियाच्या किनाऱ्याकडच्या भागातला हा नर हत्ती, डिसेंबर २०१५ मध्ये कॉलर लावली. काही आठवड्यांनी तो सरळ उत्तरेला सोमालियाच्या दिशेने निघाला. दिवसा दाट झुडपात हलायचा नाही, चालायचा फक्त रात्री. सीमा ओलांडून थोडाच आत गेला, जेमतेम एक दिवस थांबला आणि मागे फिरला. सोमालियाच्या त्या भागात वीसेक वर्षांत हत्तीची नोंद नव्हती. का गेला हे कॉलर सांगत नाही, बिंदू म्हणते ते खरंच. पण शिकारीचा धोका असलेल्या भागात हत्ती रात्रीचे चालतात हे इतर कॉलरवाल्या हत्तींच्या नोंदींतही दिसलेलं आहे, त्यामुळे दिवसा लपणं हा एकट्या मॉर्गनचा स्वभाव नसावा.

---

मुक्ता

माझं मत पूर्ण बदललंय असं नाही म्हणणार. पण विरोध आता सरसकट राहिला नाही. आधी प्रश्न काय ते विचारेन, मग किती जणांना लावणार आणि नोंदी कुणाला देणार ते विचारेन.

एकच राहिलं. अभ्यास संपल्यावर ती कॉलर निघते कशी? सगळ्यांच्या निघतात का?

---

वनवैद्य

चांगला प्रश्न, आणि इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते.

तीन प्रकार आहेत. एकात पट्ट्याच्या जोडाशी छोटं यंत्र असतं, ठरलेल्या तारखेला किंवा आपण रिमोटने सांगितल्यावर ते खिट्टी सोडतं आणि कॉलर गळून पडते. दुसऱ्यात जोडाला सुती कापडाचा तुकडा शिवलेला असतो, तो ऊन-पावसाने कुजतो आणि कधीतरी तुटतो. हा स्वस्त आणि वीज लागत नाही, पण कधी तुटेल ते हवेवर, कोरड्या प्रदेशात ठरवल्यापेक्षा खूप उशिरा. तिसरा म्हणजे परत बेशुद्ध करून हाताने काढणं. हत्तीला तर हाच, त्याच्या पट्ट्याच्या खालच्या बाजूला जड वजन असतं म्हणजे अँटेना मानेवर वरच राहते.

सगळ्यांच्या निघत नाहीत. खिट्टीचं यंत्र चिखलाने, गंजाने किंवा बॅटरी संपल्याने अडकतं. बॅटरी पूर्ण संपली तर प्राणी कुठे आहे हेही कळत नाही आणि मेला तर तो संदेशही येत नाही, कारण बराच वेळ हालचाल नसली की वेगळा सिग्नल देणारा सेन्सर त्याच बॅटरीवर चालतो. म्हणून आम्ही खिट्टीची तारीख बॅटरी संपायच्या बरीच आधी टाकतो, शेवटच्या नोंदींचा मोह धरत नाही. शक्य असेल तिथे खिट्टी आणि सुती जोड दोन्ही एकाच कॉलरला घालतो.

तरी एखादी अडकतेच. तेव्हा त्या प्राण्याला शोधून परत डार्ट करावं लागतं आणि नेमकं तेव्हाच प्रकल्पाचे पैसे संपलेले असतात, माणसं दुसरीकडे गेलेली असतात. मुक्ताताई, तुमच्या यादीत हा चौथा प्रश्न घाला : दुसऱ्यांदा पकडायचा खर्च आणि डॉक्टर पहिल्याच अर्जात धरलाय का? नसेल तर मी त्या कामाला जात नाही.